जैसलमेरचं रिसॉर्ट: खोलीच्या आधी महिना ठरवा

पुण्यात कुठल्याही टूरवाल्याकडे जैसलमेरच्या लक्झरी रिसॉर्टची चौकशी केली, की समोरून पहिला प्रश्न येतो, ‘डीलक्स, हवेली स्वीट, की पूल व्हिला?’ तारीख नंतर विचारतात, तीही विमानाच्या तिकिटापुरती. वाळवंटात हा क्रम उलटा लावावा लागतो. डिसेंबरात जी खोली सुखाची, ती मार्चमध्ये भट्टी होते. ऑक्टोबरात जिच्यासाठी जादा पैसे मोजावेत, तिच्यावर जानेवारीत पैसे घालणं म्हणजे ते पाण्यात घालणं, आणि तेही गार पाण्यात. म्हणून हे परीक्षण एका हॉटेलचं नाही. जैसलमेरच्या आसपास ज्या तीन धाटणीच्या महागड्या खोल्या मिळतात, त्या कुठल्या महिन्यात घ्याव्यात आणि कुठल्या महिन्यात सोडाव्यात, एवढंच इथे पाहायचं आहे.

पहिली धाटणी दगडी गढीची. सम रस्त्यावरचं सूर्यगढ हे तिचं ठळक उदाहरण: पिवळ्या वालुकाश्माच्या भिंती, चौक, झरोके. दुसरी मोठ्या आवारातल्या, पक्क्या चौथऱ्यावर उभारलेल्या कापडी तंबूंची. जोधपूर रस्त्यावर चांदणजवळचं ‘द सराई’ या प्रकारातलं: सुमारे 100 एकरांच्या माळावर अवघे 21 तंबू. तिसरी म्हणजे शहरापासून 40 किलोमीटरवर, समच्या टेकड्यांना खेटून असलेले कॅम्प. यांतले बरेचसे स्वतःला लक्झरी म्हणवतात, आणि त्या शब्दाला तिथे फारसा धरबंध नाही.

आता महिने. जानेवारीत जैसलमेरचं दिवसाचं तापमान सरासरी 24 अंशांच्या आसपास असतं आणि पहाटेचं 8 च्या. ‘आमच्या पाषाणलाही थंडीत 8-9 होतं की’ असं म्हणून पुणेकर एक स्वेटर घेऊन निघतो आणि तिथेच फसतो. पुण्यात तो पहाटेचा पारा आपण दुलईतून पाहतो. तिथे सूर्योदय पाहायला उघड्या टेकडीवर, वाऱ्यात उभं राहायचं असतं. वाळू कोरडी, हवा कोरडी, आकाश निरभ्र, त्यामुळे दिवसाची ऊब धरून ठेवायला काहीच नसतं. सूर्य मावळल्यावर तासाभरात वाळूचा वरचा थर गार पडतो आणि चप्पल घालून गेलेल्यांची बोटं बधिर होतात. कानटोपी, वारा अडवणारं जाकीट आणि बंद बूट हवेतच. ओठ आणि नाक कोरड्या हवेने फुटतात, त्यासाठी व्हॅसलीन बरोबर ठेवा.

फेब्रुवारी 27 आणि 11 अंशांच्या घरात, मार्च 33 आणि 17 च्या. एप्रिलपासून गंमत संपते. मे महिन्यात सरासरीच 42 च्या जवळ जाते. याच वाळवंटात फलोदीला 19 मे 2016 रोजी 51 अंशांची नोंद झाली होती, देशातला तो उच्चांक. नेमकी पुण्यातल्या शाळांची मोठी सुट्टी तेव्हाच येते आणि तेव्हाच ‘पाच तारांकित, निम्म्या दरात’ अशा जाहिराती फिरतात. दर खरोखर उतरलेले असतात, त्यात फसवणूक नाही. पण सकाळी नऊ ते संध्याकाळी सात खोलीबाहेर पाऊल टाकता येत नाही, लू वाहते, दुपारनंतर आंधी आली की खिडकीच्या फटीतून बारीक वाळू थेट चादरीवर येते. एसी खोलीत बसून पत्तेच कुटायचे असतील तर लोणावळा जवळ आहे.

जुलै ते सप्टेंबर स्वस्त असतं आणि गर्दीही नसते. वर्षाचा सगळा पाऊस जेमतेम 200 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे पुण्यात एखाद्या चांगल्या पावसाळी आठवड्यात पडावा इतका. सरी झाल्या तर सेवण गवत हिरवं होतं आणि वाळवंट ओळखू येत नाही. पण हवेत दमटपणा असतो आणि रात्री दिव्यांभोवती किड्यांची झुंबड उडते. अंगणात जेवण मांडलं तर ताटात तेच जास्त.

दिवाळीचा घोळ वेगळा आहे. ती ऑक्टोबरात लवकर आली तर दिवसा 35-36 अंश सोसावे लागतात आणि नोव्हेंबरात आली तर हवा छान मिळते. पण कधीही आली तरी पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत आणि पुढेही काही दिवस गुजरातमधून येणारी गर्दी समवर उतरते. जीप, चारचाकी बाइक, स्पीकर, सगळं एकदम. 22 डिसेंबर ते 2 जानेवारी हा दुसरा टाळण्याचा काळ. दर दुप्पट-तिप्पट होतात, बहुतेक ठिकाणी 24 आणि 31 तारखेच्या ‘गाला डिनर’चे पैसे खोलीच्या वर सक्तीने लागतात आणि किमान तीन रात्रींची अट घालतात. शाळकरी मुलं बरोबर नसतील तर 20 नोव्हेंबर ते 15 डिसेंबर, नाहीतर फेब्रुवारीचा पहिला पंधरवडा. आमचा कौल फेब्रुवारीला. माघ पौर्णिमेला संपणारा मरू महोत्सव सहसा त्याच सुमारास येतो. तो हवा असेल तर त्या तारखा धरून जा, नको असेल तर त्याच तारखा चुकवा. अधेमधे काही नाही.

तिथीही पाहून ठेवा, भिंतीवरचं कालनिर्णय इथे कामाला येतं. चांदण्यात न्हालेली वाळू पाहायची तर पौर्णिमेच्या आदली-नंतरची रात्र. तारे पाहायचे तर अमावास्येच्या अलीकडचे-पलीकडचे चार दिवस. थंडीत मृग, रोहिणी, कृत्तिका डोक्यावर लखलखतात, पण फोटोत दिसतो तो आकाशगंगेचा दाट भाग डिसेंबरात रात्री वर नसतोच. त्यासाठी ऑक्टोबरातली काळोखी संध्याकाळ किंवा फेब्रुवारी-मार्चातली पहाट गाठावी लागते. रिसॉर्टने ‘स्टारगेझिंग’ म्हणून डिसेंबरच्या पौर्णिमेला दुर्बीण लावली असेल तर चंद्र बघून झोपायला जा.

खोलीकडे वळू. दगडी खोलीचा सगळा खेळ भिंतीच्या जाडीचा आहे. सदाशिव पेठेतल्या जुन्या वाड्यात भर दुपारी गार का वाटतं आणि कोथरूडला सर्वांत वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये रात्री अकरापर्यंत स्लॅब का तापलेला असतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला जैसलमेरची खोली निवडता येते. जाड दगड दिवसभर ऊन पितो आणि ते काही तासांनी आत सोडतो. डिसेंबर-जानेवारीत हा उशीर वरदान आहे: संध्याकाळी सातला बाहेर 14 अंश असताना आत ऊब असते. मार्चअखेरीस हाच उशीर जाच होतो, झोपायच्या वेळी भिंतीला हात लावला तर ती कोमट लागते आणि एसी रात्रभर थांबत नाही. म्हणून गरम महिन्यांत गच्चीखालची खोली घेऊ नका, तळमजल्यावरची, चौकाकडे तोंड असलेली मागा. थंडीत उलट करा, वरचा मजला चालतो, नव्हे, बराच.

एक मेख आहे. नवीन बांधकामात पुष्कळदा विटांची किंवा काँक्रीटची पातळ भिंत असते आणि वरून पिवळ्या दगडाच्या लाद्या चिकटवलेल्या असतात. दिसायला हवेली, वागायला फ्लॅट. ओळखायची युक्ती सोपी: खिडकीचा फोटो मागवा आणि कोनाडा किती खोल आहे ते पाहा. बैठक मावेल एवढा खोल असेल तर भिंत खरी. काच भिंतीच्या बाहेरच्या पातळीशी जवळपास समतल असेल तर ती लादी.

दिशेबद्दल रिसॉर्टवाले एकच शब्द जाणतात, ‘सनसेट व्ह्यू’, आणि त्याचे पैसे वेगळे घेतात. डिसेंबरअखेर जैसलमेरला सूर्य थेट पश्चिमेला मावळत नाही. तो पश्चिमेपासून साधारण 26 अंश दक्षिणेकडे सरकलेला असतो. खोलीचं तोंड वायव्येला असेल तर ‘सनसेट व्ह्यू’ उन्हाळ्यापुरताच, म्हणजे कुणी जात नाही तेव्हापुरता. थंडीत मागायची ती दक्षिणाभिमुख खोली. दुपारीही सूर्य क्षितिजापासून सुमारे 40 अंशांवरच असतो, त्यामुळे ऊन व्हरांड्यात आतवर येतं आणि दिवसभर रेंगाळतं. मे महिन्यात तोच सूर्य जवळजवळ डोक्यावर असल्याने त्या व्हरांड्यात शिरत नाही. पूर्वेची खोली ज्यांना सकाळी उठून उन्हात चहा घ्यायचा आहे त्यांना, पण लक्षात ठेवा, डिसेंबरअखेर तिथे सूर्य साडेसातला उगवतो, पुण्याच्या जवळपास अर्धा तास उशिरा, आणि सहाच्या सुमारास मावळतो. उत्तरेची खोली थंडीत निव्वळ शिक्षा, ऑक्टोबरात आणि मार्चमध्ये उत्तम. पश्चिमेची खोली मार्च आणि ऑक्टोबरात घेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी.

तंबूचं गणित याच्या बरोबर विरुद्ध. कापडाला वजन नाही, त्यामुळे ऊब साठत नाही आणि गारवाही साठत नाही. सकाळी नऊला तापायला लागतो, रात्री नऊला गारठतो. म्हणजे तंबूचा खरा हंगाम छोटा आहे, नोव्हेंबर मध्य ते फेब्रुवारीअखेर, आणि त्यातही कडाक्याचे दोन-तीन आठवडे सोडून. चांगल्या तंबूला दुहेरी कापड असतं: बाहेरचं छत वेगळं, आतली खोली वेगळी, मध्ये हवा खेळण्याइतकी मोकळी जागा. एकेरी कापडाच्या तंबूत थंडीच्या पहाटे आतल्या बाजूने दव धरतं आणि पांघरुणाच्या कडेवर थेंब पडतात. श्वासातली वाफच ती. तंबू गळतो म्हणून रिसेप्शनला फोन करण्यात अर्थ नाही.

तंबूसाठी फोनवर चार गोष्टी विचाराव्यात आणि उत्तर व्हॉट्सॲपवर लेखी घ्यावं. न्हाणीघर दगड-विटांचं की कापडी? दगडी असेल तर जानेवारीत पहाटे अंघोळीची हिंमत होते. उष्णतेची सोय काय? गरम-गार एसी किंवा तेलाचा हीटर ठीक. फुंकणारा ब्लोअर आवाज करतो, हवा आणखी कोरडी करतो, आणि सगळ्या तंबूंत एकदम लागले की वीज उडते. जनरेटर किती लांब? आणि दोन तंबूंमध्ये अंतर किती? पंधरा-वीस मीटरहून कमी असेल तर शेजारच्या काकांचं घोरणं पॅकेजमध्ये धरलेलं आहे असं समजा. वारा सुटला की कापड रात्रभर फडफडतं, हे मात्र कितीही पैसे मोजले तरी थांबत नाही. झोप हलकी असलेल्यांनी आणि सांधे दुखणाऱ्या ज्येष्ठांनी दगडी खोलीच घ्यावी. तंबूपर्यंतच्या वाळूच्या वाटेवर रात्री काठी टेकवत चालणं सोपं नसतं आणि गोल्फ कार्ट बोलावली की दहा मिनिटांनी येते.

पूल व्हिलाबद्दल थोडं सविस्तर, कारण सर्वाधिक पैसे इथेच वाया जातात. खोलीपुढचा छोटा तलाव समजा 4 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 1.2 मीटर खोल. यात 14,400 लिटर पाणी मावतं. जानेवारीत हे पाणी 16 अंशांच्या आसपास असेल आणि ते पोहण्याजोग्या 28 अंशांवर न्यायचं असेल तर साध्या हीटरने एका वेळेला सुमारे 200 युनिट वीज लागते. हीट पंप असेल तर त्याचा चौथा हिस्सा. शिवाय कोरड्या हवेत पाण्याची वाफ होऊन ऊब रात्रभर उडत राहते, झाकण घातलं नाही तर सकाळी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून संकेतस्थळावर ‘हीटेड’ लिहिलेलं असूनही पाण्यात पाय घालून परत काढायची वेळ येते. विचारायचं ते असं: किती अंशांना ठेवता, आल्यादिवशी तयार मिळेल की 24 तास आधी सांगावं लागेल, रात्री झाकता का, आणि तापवण्याचे पैसे वेगळे का? एकाही प्रश्नाला ‘सर, नो प्रॉब्लेम’ असं उत्तर आलं तर पूल थंड आहे असं धरून चाला. डिसेंबर-जानेवारीत त्याच पैशांत एक रात्र वाढवणं शहाणपणाचं. ऑक्टोबरात किंवा मार्चमध्ये मात्र पूल व्हिला पैसे वसूल करतो, दुपारी बारा ते पाच तुम्ही त्यातच असता.

दृश्याचा भाग थोडक्यात. थारचा मोठा भाग म्हणजे वाळूच्या टेकड्या नव्हेत. तो खडकाळ माळ आहे, त्यावर खेजडी, रुई आणि खुरटी झुडपं. खेजडी म्हणजे आपली शमी, तिथे तिच्या शेंगांची, म्हणजे सांगरीची, भाजी करतात. ‘डेझर्ट व्ह्यू’ म्हणून खिडकीतून हाच माळ दिसेल आणि तो आपल्या जागी सुंदर आहे, पण फोटोतली लाटालाटांची वाळू शोधाल तर हिरमोड होईल. त्यासाठी समला किंवा खुरीला गाडीने जावंच लागतं. खुरी त्यातल्या त्यात शांत. शिवाय साताऱ्याच्या चाळकेवाडीसारख्या पवनचक्क्या इथेही क्षितिजभर आहेत, आणि रात्री त्यांचे लाल दिवे उघडझाप करतात. खोली कुठल्या बाजूची, याचं उत्तर देताना रिसॉर्टवाले हे कधी सांगत नाहीत, नकाशावर उपग्रहाचं चित्र उघडून आपणच पाहावं. पक्ष्यांसाठी जाणाऱ्यांना वेगळं सांगायला नको: डेझर्ट नॅशनल पार्क 3,162 चौरस किलोमीटरचं आहे आणि नान्नजला जो माळढोक शोधून डोळे शिणले, तो दिसण्याची आशा इथे आहे. हिवाळ्यात येणारी करकोच्यांची गर्दी पाहायची तर वाट वाकडी करून फलोदीजवळच्या खीचनला जा.

संध्याकाळच्या कार्यक्रमावरून रिसॉर्टचा दर्जा चटकन कळतो. मांगणियार गवई, गजाने वाजवायची, गोल पोटाची, कातडं मढवलेली कमायचा, दोन्ही हातांत खरतालच्या लाकडी पट्ट्या, माइकशिवाय अंगणात बसून गाणं, असं असेल तर जागा जाणकारांची आहे. स्पीकरच्या भिंती आणि दहा वाजता ‘आता सगळ्यांनी नाचायचं’ असं असेल तर तुमची खोली त्या अंगणापासून जास्तीत जास्त लांबची मागा.

जेवणाची योजना निवडताना पुण्याची सवय विसरा. आवाराबाहेर स्विगी नाही, कोपऱ्यावर अमृततुल्य नाही. फक्त नाश्ता धरलेली सीपी योजना घेतली की रात्रीचं जेवण मेनूकार्डाच्या दराने खावं लागतं. नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरलेली एमएपी सोयीची, दुपारी किल्ला पाहायला शहरात असता तेव्हा तिथेच जेवता येतं. केर-सांगरी, गट्टे, बाजरीची रोटी आणि लसणाची चटणी या चार गोष्टींवर स्वयंपाकी कसा आहे ते कळतं. सांगरी नीट भिजवलेली नसली तर दाताखाली सुतळीसारखी लागते. जैन किंवा कांदा-लसणाविना हवं असेल तर अडचण येत नाही. आजीला वरण-भात हवा असेल तर मात्र आधी सांगून ठेवा, तुपातली दाल-बाटी तीन दिवस झेपत नाही.

बिलातली एक गोष्ट पाठच करून ठेवावी. 22 सप्टेंबर 2025 पासून एका रात्रीचं भाडं 7,500 रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी 5 टक्के, त्यावर गेलं की पूर्ण रकमेवर 18 टक्के. 7,500 च्या खोलीचे हातात 7,875 होतात आणि 7,600 च्या खोलीचे 8,968. शंभर रुपयांच्या फरकाने 1,093 रुपये वाढतात. हंगामाच्या कडेला, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला किंवा मार्चअखेर, दर या रेषेभोवती घुटमळत असेल तर घासाघीस करायला हा मुद्दा चांगला आहे. खऱ्या लक्झरीत तो प्रश्न उरत नाही, 30,000 च्या खोलीवर रात्रीला 5,400 रुपये कर, तीन रात्रींचे 16,200. अशा हॉटेलांत जेवणावरही 18 टक्केच लागतात. पॅकेजची रक्कम सांगताना ‘प्लस टॅक्सेस’ हे शब्द हळूच उच्चारले जातात, ते ऐकायला शिका. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावला असेल तर काढायला सांगा, तो ऐच्छिक आहे.

पोहोचण्याबद्दल एवढंच: जैसलमेरची विमानं हंगामी आहेत आणि वेळापत्रक बदलत राहतं, म्हणून परतावा न मिळणारी खोली विमान पक्कं झाल्याशिवाय घेऊ नका. डिसेंबरअखेर आणि जानेवारीत दिल्लीमार्गे तिकीट काढू नका, तिथल्या धुक्यात पुढचं विमान चुकतं आणि पहिल्या रात्रीचे पैसे बुडतात. मुंबई, अहमदाबाद किंवा जोधपूरमार्गे बघा. जोधपूरहून रस्त्याने सुमारे 280 किलोमीटर, पाच तास. हा प्रवास दिवसाउजेडीच करा, अंधारात रस्त्यावर गुरं आणि उंट बसलेले असतात. संध्याकाळी सहानंतर जोधपूरला उतरत असाल तर त्या रात्री तिथेच थांबा आणि रिसॉर्टला एक रात्र कमी घ्या.

खोली ताब्यात घेताना सामान आत यायच्या आधी गरम पाण्याचा नळ पूर्ण सोडा आणि घड्याळ लावा. मुख्य बॉयलर लांब असलेल्या खोलीत गरम पाणी यायला पाच-सात मिनिटंही लागतात. मग खिडक्या, एसीचा आवाज, पूल असेल तर त्यात हात घालून पाणी. नापसंत असेल तर खोली तेव्हाच बदलून मागा, बॅगा उघडल्यावर कुणी बदलून देत नाही.